मेट्रो संपते, मका सुरू होतो: मॉन्टगोमरी काउंटीतली शेती टिकली कशी

वॉशिंग्टन डीसीच्या वायव्येला अगदी चिकटून मेरीलँड राज्यातली मॉन्टगोमरी काउंटी आहे, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. साडेदहा लाखांच्या वर वस्ती, क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या दुपटीहून थोडं जास्त. बेथेस्डाला एनआयएच, म्हणजे अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधनाची मोठी संस्था, शिवाय मॅरियट आणि लॉकहीड मार्टिनची मुख्यालयं, सिल्व्हर स्प्रिंगला एकापेक्षा एक इथिओपियन हॉटेलं, रॉकव्हिलला चिनी, आणि गेथर्सबर्ग-जर्मनटाउन-क्लार्क्सबर्गच्या पट्ट्यात आपले देशी लोक इतके की गणपतीच्या दिवसांत ढोलताशाचा आवाज आला तरी कुणी दचकत नाही. आणि याच काउंटीत, मेट्रोच्या रेड लाइनचं शेवटचं स्टेशन शेडी ग्रोव्ह, तिथून गाडी काढली की अर्ध्या तासात तुम्ही मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये असता, दोन्ही बाजूंना कुंपणं, घोडे, धान्याच्या उंच टाक्या, आणि रस्ता एवढा अरुंद की समोरून गाडी आली तर एकाला कडेला घ्यावी लागते.

नवीन आलेल्या माणसाला वाटतं की शहर अजून तिथवर पोचलं नसेल, पोचेल पाच-दहा वर्षांत. तसं नाहीये. शहर केव्हाच पोचलं असतं. इथली ९३,००० एकर जमीन, म्हणजे काउंटीचा साधारण एक तृतीयांश भाग, १९८० साली ठरवून, कागदावर रेघ मारून शेतीसाठी राखून ठेवलीये आणि चाळीसहून जास्त वर्षं ती रेघ बऱ्यापैकी टिकलीये. याला इथे ॲग रिझर्व्ह म्हणतात. ती टिकली कशी हे समजायला थोडं झोनिंग (म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधायचं त्याचे नियम), थोडा टीडीआर (म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय) आणि थोडं ड्रेनेज समजून घ्यावं लागतं. कंटाळवाणं वाटेल पण तसं नाहीये, आणि टीडीआर हा शब्द तर मुंबई-पुण्याच्या माणसाला पाळण्यातच ऐकवलेला असतो.

आधी हे बघू की काही केलं नसतं तर काय झालं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन फुगत गेलं, सरकारी नोकऱ्या वाढल्या, १९६४ साली शहराभोवतीचा बेल्टवे पूर्ण झाला, वायव्येकडे जाणारा हायवे म्हणजे आजचा २७०, त्याच्या कडेने ऑफिसं आली. ऑफिसं आली की घरं आली, घरं आली की जमिनीचा भाव असा होतो की त्यात मका पिकवणं म्हणजे वेडेपणा. एक शेतकरी विकतो, बिल्डर कॉलनी टाकतो, कॉलनीतले लोक शेजारच्या शेतातल्या वासाची आणि धुळीची तक्रार करतात, मग ट्रॅक्टर दुरुस्त करणारा दुकान बंद करतो कारण गिऱ्हाईकच उरलं नाही, बियाणं-खताचा दुकानदार जातो, आणि राहिलेला शेतकरी म्हणतो मी एकटा काय करू, घ्या बाबा माझीपण. हिंजवडी, वाघोली, पनवेल, सगळीकडे हे होताना आपण बघितलंय.

काउंटीच्या नियोजनवाल्यांनी १९६४ मध्येच एक आराखडा केला होता, त्याची कल्पना अशी की हायवे आणि रेल्वेच्या पट्ट्यांत दाटीने वस्ती करायची आणि मधल्या पाचरी हिरव्या ठेवायच्या. कल्पना छान, पण नुसता नकाशा रंगवून पाचर हिरवी राहत नाही. म्हणून १९७३ च्या सुमारास नियम केला की ग्रामीण भागात पाच एकरांना एकच घर बांधता येईल. वाटलं होतं पाच एकर एवढं मोठं आहे की कोण घेणार. घेतलं की लोकांनी! वॉशिंग्टनचे वकील, डॉक्टर, लॉबीवाले यांना पाच एकराचा बंगला म्हणजे हवाच होता. शेतीच्या दृष्टीने हे सगळ्यात वाईट, कारण पाच एकराच्या तुकड्यांवर हार्वेस्टर फिरवता येत नाही आणि मालकाला तिथे शेती करायचीच नसते, तो फक्त गवत कापतो. म्हणजे जमीन वाचवायला केलेल्या नियमानेच जमिनीचे तुकडे पडायला लागले.

मग १९८० चा आराखडा आला. तेव्हा प्लॅनिंग बोर्डाचे अध्यक्ष रॉइस हॅन्सन होते, या सगळ्या प्रकरणात त्यांचं नाव सारखं येतं. त्यांनी मर्यादा एकदम पाच एकरांवरून पंचवीस एकरांवर नेली. पंचवीस एकरांना एक घर, बस. आता शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमची शंभर एकर आहे, काल तुम्ही तिथे वीस घरं बांधू शकत होतात, आज चार. रात्रीतून सोळा घरांचा हक्क गेला, आणि अमेरिकेत शेतकऱ्याचं पेन्शन म्हणजे त्याची जमीनच असते, म्हातारपणी विकायची किंवा तिच्यावर कर्ज काढायचं. लोक भडकले. भडकणारच. अजूनही तिकडच्या जुन्या घराण्यांमध्ये हा विषय काढला तर कपाळावर आठ्या येतात, आणि मला वाटतं त्यात चुकीचं काही नाही, कारण हिरवळ सगळ्या काउंटीला मिळाली पण बिल एका टोकाच्या शेतकरी कुटुंबांच्या नावावर फाडलं गेलं.

या रागाला उत्तर म्हणून टीडीआर आणला. म्हणजे असं, की जमिनीचा मालक असणं ही एक वस्तू नसून हक्कांची मोळी असते, कसण्याचा हक्क, विकण्याचा हक्क, बांधकामाचा हक्क, वगैरे. त्यातली बांधकामाची काडी बाहेर काढून वेगळी विकता येते. काउंटीने सांगितलं की तुम्हाला बांधायला पंचवीस एकरांना एकच घर, पण विकायला मात्र पूर्वीच्याच हिशोबाने पाच एकरांना एक टीडीआर. शंभर एकरवाल्याकडे वीस टीडीआर झाले, जमिनीवर आधीपासून घर असेल तर तेवढे वजा. स्वतःसाठी, मुलांसाठी चार घरांची सोय ठेवायची असेल तर चार टीडीआर जवळ ठेवायचे आणि सोळा विकायचे. कुणाला विकायचे? हायवेच्या पट्ट्यात, मेट्रोजवळ, जिथे काउंटीला दाट वस्ती हवीच आहे तिथल्या बिल्डरला. तो ते विकत घेतो आणि आपल्या प्लॉटवर नेहमीपेक्षा जास्त घरं बांधतो. एका टीडीआरला एक बंगला, किंवा अपार्टमेंट असतील तर एकापेक्षा जास्त.

यात सरकारी तिजोरीतून पैसा गेला नाही, ही यातली खरी गंमत. शेतकऱ्याला पैसे बिल्डरने दिले, बिल्डरने ते घर घेणाऱ्याकडून वसूल केले. म्हणजे जर्मनटाउनमध्ये टाउनहाऊस घेणाऱ्या एखाद्या देशी जोडप्याने नकळत काही मैलांवरच्या कुणाच्यातरी सोयाबीनच्या शेताला हातभार लावलाय, कागदावर कुठे दिसत नाही एवढंच.

आता मुंबईचा टीडीआर आठवा, तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतून आला. तिथे तुमच्या जमिनीवर रस्त्याचं किंवा बागेचं आरक्षण पडलं की जमीन महापालिकेला द्यायची, बदल्यात सर्टिफिकेट घ्यायचं आणि ते बिल्डरला विकायचं, आणि बिल्डर ते उपनगरात नेऊन आपल्या इमारतीवर चढवणार. तत्त्व तेच, हक्क इथून उचलायचा आणि तिथे ठेवायचा. फरक हा की मुंबईत जमीन हातची जाते, मॉन्टगोमरीत जमीन शेतकऱ्याकडेच राहते. टीडीआर विकल्यावर जमिनीच्या नोंदीत एक कायमचं बंधन चढतं, आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढावा तसं, पण हा बोजा फेडून उतरवता येत नाही. जमीन दहा वेळा विकली गेली तरी बंधन तिच्यासोबतच जातं. अशा बंधनाखाली आज पन्नास हजारांहून जास्त एकर आहेत, म्हणून पुढे कधी काउंटीचं राजकारण फिरलं आणि झोनिंग बदललं तरी एवढ्या जमिनीवर कॉलनी टाकणं फार अवघड.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ज्या भागांत जादा घरं येणार होती तिथले लोक म्हणाले आमच्याकडे का म्हणून. प्रकरण कोर्टात गेलं, १९८७ मध्ये मेरीलँडच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की नुसत्या आराखड्यात लिहून जादा घरांची परवानगी देता येणार नाही, रीतसर झोनिंगमध्ये घाला, मग काउंटीला ते सगळं परत बसवावं लागलं. शिवाय टीडीआरचा भाव बाजारावर, घरांची तेजी असली की वर, मंदी आली की गिऱ्हाईक नाही. ज्यांनी तेजीत विकले ते खूश, ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत पडेल भावाने विकले ते अजून हळहळतात. आणि ते राखून ठेवलेले चार टीडीआर आठवतात ना, प्रत्यक्ष बांधता येणाऱ्या घरांचे, ते तर सोन्याच्या भावाचे, कारण वॉशिंग्टनजवळ पंचवीस एकरात एक घर म्हणजे श्रीमंतांची वाडीच. ते वाडीवाले येऊ नयेत म्हणून नंतर काउंटीने आणखी एक योजना काढली, त्यात तो शेवटचा बांधकामाचा हक्कसुद्धा पैसे देऊन कायमचा संपवतात.

एवढं वाचून असं वाटेल की टीडीआरने शेती वाचवली. माझं मत थोडं वेगळं आहे. शेती वाचवली ड्रेनेजने.

म्हणजे ड्रेनेज नसल्याने. ॲग रिझर्व्हमध्ये सार्वजनिक पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन न्यायची नाही हे काउंटीचं जुनं धोरण आहे. तिथे घर बांधायचं तर पाण्याला बोअर आणि संडासाला सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याचं शेत. आणि शोषखड्डा कुठेही चालत नाही, आधी जमिनीची परीक्षा द्यावी लागते. ती होते अशी, की हिवाळा सरता सरता, जमीन ओली असताना, काउंटीचा माणूस समोर उभा राहतो आणि जेसीबीने खड्डा खणतात, आधी भूजल किती वर आलंय ते बघतात, मग खड्ड्यात पाणी ओतून घड्याळ लावतात. एक इंच पाणी उतरायला किती मिनिटं लागली एवढाच प्रश्न. फार हळू उतरलं तर नापास, कारण घाण वर येणार. फार भसकन उतरलं तरी नापास, कारण घाण गाळली न जाता सरळ विहिरीच्या पाण्यात जाणार. तिकडचा कितीतरी भाग खडकाळ किंवा चिकट मातीचा, त्यामुळे कागदावर चार घरांचा हक्क असलेल्या शंभर एकरांत कधी कधी दोनच खड्डे पास होतात. वकील, नकाशे, मीटिंगा सगळं एकीकडे आणि बादलीभर पाणी एकीकडे.

म्हणून तिथल्या सगळ्या मोठ्या भांडणांच्या मुळाशी पाइप असतो. मोठी चर्चेस, खाजगी शाळा यांना शहरात जागा परवडत नाही, रिझर्व्हमधली जमीन त्या मानाने स्वस्त, मग ते म्हणायचे आम्हाला तेवढी ड्रेनेज लाइन द्या, आम्ही काही बिल्डर नाही, धर्माचं काम करतोय. काउंटीने बरीच वादावादी होऊन नाही म्हटलं, कारण पाइप एकदा गेला की वाटेतला प्रत्येक जण जोडणी मागणार. क्लार्क्सबर्गला तर अजून वेगळा प्रकार झाला, तिथे नवीन शहर उभं राहत होतं आणि त्याच्या कडेला टेन माइल क्रीक नावाचा ओढा, काउंटीतल्या सगळ्यात स्वच्छ ओढ्यांपैकी एक, मग २०१४ मध्ये काउंटी कौन्सिलने त्याच्या खोऱ्यातलं ठरलेलं बांधकाम बरंच कमी केलं. आज क्लार्क्सबर्गमध्ये तुम्ही रस्त्याच्या एका बाजूला उभे राहिलात तर टाउनहाऊसच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं शेत, आणि मधे काय तर एक रस्ता. जमिनीत बघितलं तर पाइप त्या रस्त्याच्या अलीकडेच थांबलेला असतो.

रॉइस हॅन्सन आणि मंडळींनी जे केलं ते नाही केलं तर काय होतं हे बघायचं असेल तर पोटोमॅक नदीच्या पलीकडे बघा, व्हर्जिनियाची लाउडन काउंटी. माती थोडीफार तशीच, राजधानीपासून अंतर तेवढंच. १९९० मध्ये तिथे ८६,००० लोक होते, २०२० मध्ये ४,२१,०००. पूर्व भागात ॲशबर्नला जगातली डेटा सेंटरची सगळ्यात दाट गर्दी आहे. पश्चिमेला त्यांनीही शेती आणि द्राक्षमळे राखलेत, नाही असं नाही, आणि डेटा सेंटरच्या करातून त्यांच्या शाळांना पैसा मिळतो तो वेगळाच, त्यामुळे तिकडचे लोक आपल्याला भोळसट म्हणतात. दोन्ही काठांना जोडणारी व्हाइट्स फेरी नावाची, तारेच्या आधाराने चालणारी बोट होती, गाड्या घेऊन जायची, ती व्हर्जिनियाच्या काठावरच्या जागेच्या भांडणात २०२० च्या डिसेंबरात बंद पडली. पूल बांधायचा विषय दर काही वर्षांनी निघतो आणि रिझर्व्हवाले हाणून पाडतात, कारण पूल म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे परत सगळं तेच.

आता तिथे राहणं कसं असतं.

शेती हा त्या झोनमध्ये पहिल्या मानाचा वापर आहे, असं नियमातच लिहिलंय. शेतीचं काम कधीही करता येतं, यंत्रंही कधीही चालवता येतात, आणि शेजारच्या बंगल्याला त्रास होतो म्हणून शेतीवर बंदी आणता येत नाही. म्हणजे ऑक्टोबरात सोयाबीन तयार आहे आणि उद्या पाऊस सांगितलाय तर रात्री अकरा वाजता हार्वेस्टर चालणार, त्याचे दिवे तुमच्या बेडरूममध्ये येणार, धूळ तुमच्या गाडीवर बसणार, आणि तुम्ही फोन लावला तर समोरचा शांतपणे सांगणार की हो, परवानगी आहे. वसंतात खत टाकतात तेव्हा तीन-चार दिवस खिडकी उघडायची नाही. रस्त्यावर पाठीमागे केशरी त्रिकोण लावलेला ट्रॅक्टर ताशी पंधरा मैलांनी चाललेला असतो, मागे टेस्लांची रांग, हॉर्न कुणी वाजवत नाही पण चेहऱ्यावर सगळं दिसतं.

रस्ते रुंद करायचे नाहीत हासुद्धा नियम आहे, बऱ्याच जुन्या रस्त्यांना काउंटीने रस्टिक रोड म्हणून संरक्षण दिलंय, काही तर अजून खडीचेच आहेत. पण त्याच गावांमधून मार्क नावाची लोकल ट्रेन जाते, सकाळी वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनकडे, संध्याकाळी परत, फक्त कामाच्या दिवशी. बार्न्सव्हिलचं स्टेशन म्हणजे एक छोटी खोली, पार्किंग, झाडं. सूट घातलेला माणूस तिथे उतरतो आणि पिकअपमध्ये बसून घरी जातो. दिवसभर सरकारी ऑफिसात, संध्याकाळी गुरांना चारा, असे लोक खरंच आहेत इथे, कारण नुसत्या शेतीवर काउंटीत घर चालवणं भल्याभल्यांना जमत नाही.

माझे सासरे सांगलीकडचे, शेतकरी. त्यांना पूल्सव्हिलच्या बाजूला नेलं होतं. त्यांनी गाडी थांबवायला लावली, बांधावरची सोयाबीनची शेंग चेपून दाणे मोजले, माती बोटात चुरडली, म्हणाले जमीन चांगली आहे पण माणसं कुठायत? माणसं नव्हतीच. शंभर-दोनशे एकरांत चिटपाखरू नाही, वर्षातून काही दिवस यंत्र येतं आणि जातं. पुढचा प्रश्न, इथे एनए करायला किती लागतात? मग मी त्यांना वरचं टीडीआर पुराण सांगितलं तर त्यांचा पहिला उद्गार, म्हणजे कूळकायद्यासारखंच, जमीनवाल्यानेच सोसायचं. तेवढ्यात त्यांना कळलं की इथे जमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही, कुणीही घेऊ शकतो, तर ते म्हणाले मग घेऊन टाका की दहा गुंठे. दहा गुंठे इथे कुणी विकत नाही हो बाबा.

पण त्यांचा माणसांचा प्रश्न बरोबर होता. रिझर्व्ह म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर टोमॅटो, स्ट्रॉबेरी, आठवडी बाजार येतो. प्रत्यक्षात बहुतेक एकर मका, सोयाबीन, गहू, चाऱ्याचं गवत, आणि त्यातलं बरंचसं कोंबड्या-जनावरांच्या पोटात जातं. भाजीपाला थोडक्या जागेत. घोड्यांचे तबेले भरपूर, शहरातल्या मुली शनिवारी रायडिंग शिकायला येतात त्यावर चालणारे. काउंटीत पाचशेच्या वर शेतं आहेत आणि ज्यांना शहराचा उपयोग करून घेता आला ते बरे चाललेत. जर्मनटाउनचं बटलर्स ऑर्चर्ड १९५० पासून आहे, तिथे जूनमध्ये स्ट्रॉबेरी, मग ब्लूबेरी, ऑक्टोबरात भोपळे, लोक पोरांना घेऊन येतात, स्वतःच तोडतात आणि तोडायचे पैसे शेतकऱ्यालाच देतात! मजुरी वाचली, भाव किरकोळीचा मिळाला, वर ट्रॅक्टरच्या फेरीचं तिकीट. काही जुने शेतकरी यावर नाक मुरडतात की ही शेती नव्हे, जत्रा आहे. असेल, पण ऑक्टोबरातले ते चार शनिवार-रविवार वर्षाचं गणित जमवून देतात.

खरी जत्रा ऑगस्टमध्ये गेथर्सबर्गला भरते, काउंटीचा कृषी मेळा, १९४९ पासून. पूर्वी गावाबाहेर होता, आता मैदानाच्या चारही बाजूंना दुकानं, अपार्टमेंट. आत गेलं की एका शेडमध्ये दहा-बारा वर्षांची मुलगी रबरी बूट घालून आपल्या कालवडीला साबण लावून धुतेय, शेपटीचा झुपका ब्रशने विंचरतेय, कारण दुपारी परीक्षक येणार, आणि बाजूला आपलं कुणीतरी पोराला कडेवर घेऊन सांगतंय, बघ बघ, हम्मा. शेजारी साल्वाडोरचं कुटुंब, इथिओपियन आजी, सगळे त्या कालवडीकडे बघतायत, आणि मला दरवेळी वाटतं की त्या गर्दीतल्या बऱ्याच आजी-आजोबांना कालवड धुणं त्या मुलीपेक्षा चांगलं जमत असेल.

हरणं हा एक विषय आहे त्यावर वेगळं लिहायला हवं. शहराच्या कडेची हिरवळ, शिकारी प्राणी नाहीत, खायला सोयाबीनची कोवळी पानं, म्हणजे हरणांची चंगळ. शेताच्या जंगलाकडच्या कडेची कितीतरी रांग दरवर्षी फस्त होते. शेतकऱ्याला परवाना काढून मारता येतात, पार्कवाले हिवाळ्यात ठरवून शिकार करतात, आणि दरवर्षी शहरातून विरोधाची पत्रं येतात. लाइम नावाचा रोग पसरवणाऱ्या गोचिडी हरणांबरोबर फिरतात, त्यामुळे शेतातून फिरून आलात की पायमोजे काढून नीट बघा.

आता जे सहसा बोललं जात नाही ते. काउंटीचा कचरा जाळायचा कारखाना डिकरसनला आहे, म्हणजे रिझर्व्हच्या पोटातच, १९९५ पासून, शहरातला कचरा रेल्वेने तिथे जातो. हिरवळ सगळ्यांची आणि धूर मात्र तिथल्यांचा. दुसरं, जे घर इथे बांधता आलं नाही ते कुठेतरी बांधलं गेलंच, उत्तरेला फ्रेडरिक काउंटीत, आणि ते लोक रोज आपल्या शेतांवरून उडी मारून २७० वर ट्रॅफिकमध्ये उभे राहतात. म्हणून घरांच्या किमतींवरून चिडलेली तरुण मंडळी म्हणतात की एक तृतीयांश जमीन कुलपात ठेवायची आणि वर घर महाग म्हणून रडायचं हे काय. मला वाटतं त्यांचा राग चुकीच्या कुलपावर आहे, मेट्रोच्या बाजूला अजून एकमजली बंगले मोकळ्या प्लॉटवर पसरलेत, तिथे दोन घरं जास्त बांधायला निघालं की तेच बंगलेवाले पाट्या घेऊन उभे राहतात. १९८० चा सौदा दोन्ही बाजूंचा होता, तिकडे कमी म्हणून इकडे जास्त. तिकडच्या लोकांनी आपली बाजू पाळली.

आणखी एक, रिझर्व्ह वाचवताना जो इतिहास जपला गेला असं बोर्डांवर दिसतं त्यात बरीच वर्षं गोरे शेतकरीच दिसायचे. इथे आधी तंबाखू होता आणि तो गुलामांच्या कष्टावर होता, तंबाखूने जमिनी पार चोथा करून टाकल्या. गुलामी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतः जमिनी घेऊन वस्त्या वसवल्या, पूल्सव्हिलजवळचं शुगरलँड त्यातलं, १८७१ चं. त्यांच्या वंशजांनी चर्च आणि कागदपत्रं जपलीयेत, पण जमिनी बऱ्याचशा गेल्या.

सध्या वाद सोलरचा. २०२१ मध्ये कौन्सिलने ठरवलं की रिझर्व्हमध्ये सोलर चालेल, पण एकूण १,८०० एकरांपर्यंतच आणि सगळ्यात कसदार मातीवर नाही. पर्यावरणवाले पर्यावरणवाल्यांशीच भांडले तो सीझन बघण्यासारखा होता. शेतकऱ्यांमध्येही दोन तट, ज्याची स्वतःची जमीन आहे त्याला सोलर कंपनीचं भाडं दिसतं, आणि जो दुसऱ्याची जमीन खंडाने कसतो त्याला दिसतं की मालक उद्या आपल्याला काढणार. आणि खंडाने कसणारे इथे खूप आहेत, बऱ्याचदा वर्षावर्षाच्या बोलीवर, त्यामुळे जमिनीत पैसा घालायला, झाडं लावायला कुणी धजावत नाही. तरुणांना शेती करायचीये, भेंडी, मेथी, लाल माठ यांना इथे गिऱ्हाईकही आहे, पण जमीन घ्यायची ऐपत नाही. बांधकामाचा हक्क काढून घेतला तरी वॉशिंग्टनजवळच्या पंचवीस एकरांचा भाव शेतीत फिटत नाही, कारण शेजारी बोली लावणारा घोडेवाला किंवा वकील असतो. हा प्रश्न टीडीआरने सुटत नाही, तो जमीन वाचवतो, शेतकरी वाचवायचं बघणं वेगळं.

या बाजूला घर बघत असाल तर एवढं करा. एजंट म्हणाला की मागे कायम शेतच राहणार, तर काउंटीच्या वेबसाइटवर झोनिंगचा नकाशा मोफत आहे, मागच्या तुकड्यावर एआर, म्हणजे ॲग रिझर्व्हचा झोन, लिहिलंय का बघा, जुन्या कागदांत आरडीटी असेल, २०१४ मध्ये नाव बदललं. एआर असेल तर बऱ्यापैकी निश्चिंत राहा, फक्त पंचवीस एकरांना एक घर हा हक्क किंवा मूळ मालकाच्या मुलांसाठी एखादं घर बांधायची सवलत शिल्लक असू शकते. दुसरं काही असेल तर तिथे टाउनहाऊस येऊ शकतात असं धरूनच चाला. आणि घर रिझर्व्हच्या आतलं असेल तर बोअरला मिनिटाला किती गॅलन पाणी येतं त्याचा कागद, सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला त्याची पावती, आणि शोषखड्ड्याला जास्तीची राखीव जागा पास झालीये का, हे तीन कागद हातात आल्याशिवाय ऑफर टाकू नका, स्वयंपाकघर कितीही आवडलं तरी.